बारगीर आणि कोंकिस्तादोर

चंडीगडहून सरहिंद पन्नासेक किलोमीटरवर आहे. मार्च 1758 मध्ये रघुनाथरावांच्या मराठा फौजेने मुघल सरदार अदिना बेग आणि शीख सरदारांच्या साथीने ते घेतले, पुढच्याच महिन्यात लाहोरही घेतले, आणि मराठीत ‘अटकेपार झेंडे’ कायमचे रुजले. आज मुलगा परदेशी शिकायला गेला तरी आपण ते लावतो. सरहिंदचा जिल्हा मात्र फत्तेगढ साहिब, आणि ही फत्ते आपली नव्हे. एका मतानुसार ती 1710 मध्ये मोहालीजवळच्या छप्पर चिडीला सरहिंदच्या मुघल फौजदाराला, वजीर खानाला, हरवणाऱ्या शीख सेनानी बंदा सिंग बहादूरांची आहे.

विजेत्याच्या शब्दाला पुढे कोणता अर्थ चिकटेल, हे विजेत्याच्या हाती राहत नाही, असे मला वाटते. स्पॅनिशमधला ‘कोंकिस्तादोर’ पाहा. मुळात अर्थ नुसता ‘जिंकणारा’. 1238 मध्ये वलेन्सिया घेणाऱ्या आरागॉनच्या राजाचे, पहिल्या हाइमेचे, ते मानाचे बिरुद होते. इंग्रजीने तो शब्द उचलला तो मेक्सिको आणि पेरू जिंकणाऱ्या कोर्तेस-पिसारोच्या माणसांपुरताच. खुद्द स्पेनच्या राजाला, दुसऱ्या फेलिपेला, ‘जिंकणे’ इतके अवघड झाले की 1573 च्या फर्मानात त्याने त्याऐवजी ‘शांत करणे’ लिहायला सांगितले. फर्मानाने शब्दावरचा डाग निघाला नाही. मेक्सिको, पेरू स्पॅनिशच बोलू लागले, आणि जिंकलेल्यांचे वंशज तोच शब्द आपल्या बाजूने उच्चारू लागले. अटकेपारच्या मुलखात मराठी बोलणारे कोणी उरले नाही, म्हणून आपला वाक्प्रचार निष्कलंक राहिला.

कोणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे. कोर्तेसने 1521 मध्ये अख्खे साम्राज्य बुडवले. आपण पंजाबात दोन वर्षेही टिकलो नाही, कोणाचा धर्म बदलला नाही. खरे आहे. पण मी कृत्यांची नव्हे, शब्दांची तुलना करतो आहे, आणि त्यासाठी पंजाब सोडून बंगालात जावे लागते. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिथे झाल्या. आपला ‘बारगीर’, म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार, बंगालीत ‘बर्गी’ झाला, आणि आजही तिथल्या अंगाईगीतात त्याच्या नावाने मुलांना झोपवतात. काटेकोर जोडी लावायची तर कोर्तेसची माणसे बारगिरांपेक्षा शिलेदारांच्या, म्हणजे स्वतःच्या घोड्यावरच्या स्वारांच्या, जवळची: शस्त्र स्वतःचे, राजाचा पगार नाही, लुटीत वाटा. घोडा सरकारी की स्वतःचा, हा हिशेब आपल्या दप्तरातला. बंगाल्याने बारगीर-शिलेदार दोघांनाही एकच नाव दिले.