पडद्यावरच्या गुरूची पारख



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिचे अनुकरण गावोगाव झाले. या व्यासपीठावर धर्म, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत ही रास्त अपेक्षा आहे. माझा आजचा विषय तसा भारदस्त नाही. संकेतस्थळांची रचना करण्याची, म्हणजे ज्याला आपली मुले वेब डिझाइन म्हणतात त्याची, जी साधने संगणकावर आहेत, ती शिकवणारे चांगले पाठ इंटरनेटवर कसे शोधावेत, एवढाच माझा विषय आहे.

हमाल-मापाड्यांच्या दरासाठी भांडणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर आमच्या चळवळीच्या पूर्वजांकडे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली आणि पुढे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. हा मोकळा दिवस केवळ अंग टाकून पडण्यासाठी मागितलेला नव्हता. आठवड्यातून एक दिवस तरी माणसाने स्वतःसाठी, समाजासाठी जगावे, हा त्यामागचा हेतू होता. पूर्वजांनी दिवस मिळवून दिला. त्या दिवसाचे काय करायचे हे ठरवणे आपल्या हाती आहे. मी स्वतः शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते रविवारीच शिकलो. प्रथम कायद्याची पुस्तके आणि अलीकडे, पन्नाशी उलटल्यावर, हे संकेतस्थळाचे काम. हमालीचे ठरलेले दर प्रत्येक हमालाला आपल्या फोनवर पाहता यावेत, कोणी त्यास कमी दर सांगून फसवू नये, एवढ्याचसाठी मला एक पान तयार करायचे होते. ते करताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र कोणतेही स्वामित्वशुल्क न घेता जगाला खुले केले. माझ्या मते त्या शोधाइतकेच हे देणेही मोठे होते. आज कळमनुरीच्या मुलाला संकेतस्थळ रचण्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही, तो त्यामुळेच.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना पुढचे चटकन समजेल. हस्तलिखितावर संपादक खुणा करीत असे: हा मथळा, हा परिच्छेद, ही तळटीप. वेबच्या पानावर हेच काम एचटीएमएल करते. मग मथळा कोणत्या टाइपात, ओळीची लांबी किती, समास किती, हे ठरत असे. ते काम सीएसएस करते. आणि वाचकाने बटण दाबले असता काय घडावे, हे जावास्क्रिप्ट सांगते. या तीन गोष्टी म्हणजे धंद्याची मुळाक्षरे. बाकीची जी शेकडो साधने बाजारात दिसतात, ती ही अक्षरे लवकर जुळवून देणारी यंत्रे आहेत.

आणि यंत्रे बदलतात. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज एके काळी घरोघरी शिकवले जात होते. २००६ साली ते बंद झाले. फ्लॅशवर हजारो तरुणांनी पोट भरले. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याचा आधार संपला. अडोबी कंपनीचे म्यूझ नावाचे साधन तर अक्षरही न लिहिता संकेतस्थळ करून देत असे. त्याचाही आधार २०२० सालीच काढून घेतला गेला. ज्यांनी फक्त त्या साधनाची बटणे पाठ केली होती ते उघडे पडले. ज्यांना मुळाक्षरे येत होती त्यांनी दुसरे साधन उचलले. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांचेही असेच झाले होते. ज्याला अक्षरांची दृष्टी होती तो संगणकावर बसला आणि टिकला. ज्याला केवळ खिळ्यांच्या पेटीतले घर माहीत होते त्याचे हाल झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तालुक्याच्या गावी या विद्येचा जाणता शिक्षक मिळणे कठीण, आणि पडद्यावर मात्र शिक्षकांचा महापूर. यूट्यूबवर एक शब्द टाकावा तो हजारो पाठ पुढे उभे राहतात. "आठ दिवसांत वेब डिझायनर व्हा" अशी जाहिरात पाहिली की मला आपल्या हळदीच्या मुलखातली म्हण आठवते: पी हळद आणि हो गोरी. आपल्या बाजारात हळद घेणारा व्यापारी पोत्यावरचे नाव वाचून भाव करीत नाही. हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. पाठही असाच मोडून पाहिला पाहिजे.

या प्रांतात ही गोष्ट नवी नाही. नामदेव महाराज आपल्या नरसीचे. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या काळी शिष्याची परीक्षा होत असे. आज थापटणे शिष्याच्या हाती आले आहे, आणि त्याने ते गुरूच्या डोक्यावर मारून पाहिले पाहिजे. त्यासाठी मी पाच कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी काळाची. पाठ कोणत्या साली झाला आणि साधनाच्या कोणत्या आवृत्तीवर झाला, हे आधी पाहावे. पूर्वी पानाची मांडणी तक्त्यांच्या चौकटी करून बसवीत. २०१० साली ईथन मार्कोट यांनी फोनच्या लहान पडद्यापासून मोठ्या पडद्यापर्यंत आपोआप जुळवून घेणाऱ्या रचनेचा विचार मांडला, आणि २०१७ साली सीएसएस ग्रिड ही मांडणीची पद्धत प्रमुख ब्राउझरांत आली. जो पाठ आजही तक्त्यांनी पान मांडायला शिकवतो, किंवा फोनचा उल्लेखच करीत नाही, तो निरोप घेऊन बंद करावा. आपले गिऱ्हाईक फोनवरच वाचते.

दुसरी कसोटी हाताची. पाठ पाहता पाहता आपल्याला ते करता येते का? शिक्षक भराभर बोलून पुढे गेला आणि अखेरीस सुंदर पान दाखवले, तर ते त्याचे कसब झाले, आपले शिक्षण नव्हे. पोहणे पाहून पोहता येत नाही. चांगल्या पाठात सरावाची फाइल दिलेली असते, आणि दर थोड्या वेळाने "आता थांबा, हे करून पाहा" असे सांगितलेले असते.

तिसरी कसोटी कारणाची. "येथे वीस लिहा" असे जो म्हणतो तो कारकून. वीस का, दहा लिहिले तर काय बिघडेल, हे जो सांगतो तो शिक्षक. आणि काम अडले तर दोष कसा शोधावा हे ज्याने शिकवले, त्याचे उपकार विसरू नयेत; कारण धंद्यात अर्धा वेळ दोष शोधण्यातच जातो.

चौथी कसोटी पैशाची. पाठ फुकट आहे म्हणजे वाईट नव्हे, आणि महाग आहे म्हणजे चांगला नव्हे. शिक्षकाला आपल्याकडून काय हवे आहे ते ओळखावे. त्याला साधन विकायचे असेल तर तो त्या साधनावाचून जगच चालत नाही असे सांगेल. मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. आमच्या एका हमालाने मुलाच्या शिक्षणासाठी मालकाकडून उचल घेतली आणि एका क्लासची फी भरली. मुलगा सहा महिने गेला, प्रमाणपत्र घेऊन आला. त्या वेळी बंद पडलेल्या साधनावर त्याला शिकवले होते. बापाची उचल फिटायला त्याहून जास्त महिने लागले. त्या मुलाचा दोष नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे करून पाठवणाऱ्यांचा दोष आहे. म्हणून सांगतो: जे फुकट उपलब्ध आहे ते आधी पुरते शिका, त्यानंतर जे अडेल तेवढ्यापुरतेच पैसे मोजा.

पाचवी कसोटी आपल्या भाषेची. आपल्याला मराठी पाने करायची आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पानावर चिकटवून अक्षरांचा चिवडा करणारे आजही भेटतात. पानाची भाषा मराठी आहे ही खूण कशी करावी, वेलांटी आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना धडकू नयेत म्हणून दोन ओळींत अंतर किती ठेवावे, हे इंग्रजी पाठात सापडत नाही. ते आपणच करून पाहावे लागते. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त आणि बलू यांसारखे देवनागरी फाँट सर्वांना मोफत दिले आहेत. त्यांचा उपयोग करावा.

आता असे पाठ कोठे मिळतात ते सांगतो. पहिले नाव आपल्या महाराष्ट्रातलेच. मुंबईच्या आयआयटीने केंद्र सरकारच्या साहाय्याने स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम चालवला आहे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य हे त्याचे प्रवर्तक. त्यांचा एकेक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. आधी तो शब्दशः लिहून काढतात आणि विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून तपासून घेतात, मगच ध्वनी भरतात. समोर शिक्षक नसताना एकट्याने शिकणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ते केलेले आहेत. चित्रांसाठी गिंप, रेखाटनासाठी इंकस्केप, संकेतस्थळासाठी ड्रुपल, पीएचपी अशा मोफत साधनांचे पाठ त्यात आहेत आणि अनेकांचा आवाज मराठीत आहे. मजा अशी की आवाज मराठी, पण पडद्यावरची नावे इंग्रजीच ठेवली आहेत. त्यामुळे विद्या समजते मायबोलीत आणि धंद्याची नावे तोंडात बसतात ती धंद्याच्या भाषेत. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटवाचूनही पाहता येतात. काही पाठ जुन्या आवृत्त्यांवर आहेत, तेवढे ध्यानात ठेवावे.

ज्याला थोडे इंग्रजी वाचता येते त्याने मोझिलाच्या एमडीएन या संदर्भस्थळाचा आश्रय करावा. २००५ पासून ते चालू आहे, आणि मुळाक्षरांसाठी त्याच्याइतका भरवशाचा कोश मी पाहिला नाही. फ्रीकोडकॅम्प ही २०१४ साली सुरू झालेली धर्मादाय संस्था करता करता शिकवते आणि काही घेत नाही. डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर लहान उदाहरणे तेथल्या तेथे बदलून पाहता येतात. मात्र नावावरून ते वेबचे नियम ठरवणाऱ्या संघाचे आहे असे समजू नये, दोहोंचा संबंध नाही. फिग्मा किंवा वर्डप्रेस शिकायचे असेल तर त्या त्या साधनाच्या कर्त्यांनी लिहिलेली माहिती आधी वाचावी. पडद्यावरचे पंडित नंतर.

एक इशारा देतो. पाठ गोळा करणे हेही व्यसन आहे. शंभर पाठ साठवणारा आणि एकही पूर्ण न करणारा तरुण मी रोज पाहतो. एक शिक्षक निवडावा, त्याचा एक क्रम शेवटपर्यंत न्यावा, आणि लगेच एक खरे पान करावे: चुलत्याच्या किराणा दुकानाचे, गावच्या वाचनालयाचे, आपल्या संघटनेच्या दरांचे. खऱ्या कामात जे अडते ते कोणत्याही पाठात अडत नाही. आणि काम मागायला जाल तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा हे पान अधिक बोलेल.

काम मिळाल्यावर मात्र आमच्याकडे या. कारण घरी बसून संगणकावर काम करणाराही कामगारच आहे, आणि त्याला मुकादम दिसत नाही इतकेच. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या कायद्यात आली. व्याख्या आली म्हणजे पोटात अन्न पडले असे नव्हे. काय करायचे, किती दिवसांत, किती वेळा दुरुस्ती, किती रक्कम आणि आगाऊ किती, हे लेखी घेतल्याखेरीज पहिले अक्षर टाइप करू नका. हमाल पोते पाठीवर घेण्याआधी दर विचारतो. तुम्हीही विचारा.

शेवटी एक सूचना करून रजा घेतो. फोनवर पाठ पाहता येतो, पण हे काम शिकायला संगणक हवा, आणि तो प्रत्येक घरी नाही. आपल्या वाचनालयाने एक जुना का होईना संगणक ठेवावा, रविवारी सकाळी दोन तास पाच मुलामुलींनी त्याच्याभोवती बसावे, एक पाठ लावावा, थांबवावा, एकाने करावे आणि चौघांनी चुका काढाव्यात. मुलींना त्यात आधी जागा द्यावी, कारण शहरात क्लासला जाण्याची मोकळीक त्यांना सर्वांत कमी मिळते. संगणकाच्या वर्गणीची पहिली पावती आमच्या संघटनेच्या नावाने फाडावी. दुसरी कोणाच्या नावाने फाडायची ते आपण आजच, उठण्यापूर्वी ठरवावे, अशी विनंती करतो.