शाळेची वाडी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें देवळाचे दगड, घंटा, वेदी व पूर्वींचे धर्मगुरु यांविषयीं पुष्कळ बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र आज शाळेच्या मागील सहा गुंठे मातीविषयीं बोलावयाचें आहे. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर शाळेनें सर्व कुटुंबांस आपली बाग पाहावयास बोलाविलें होतें, व आम्ही चाळीसएक घरचीं माणसें लहानथोरांसह तेथें गेलों. ज्यांस येतां आलें नाहीं त्यांस तेथें काय पाहिलें तें सांगावें, आणि त्या जागेसंबंधानें जो प्रश्न सध्यां आपणांपुढें आहे त्यावर आमचें मत मांडावें, एवढाच आमचा हेतु आहे.

वाडी या शब्दाचा अर्थ अन्यत्र चार घरांची वस्ती असा होतो. आपल्या वसईकडे मात्र वाडी म्हटली कीं विहीर, रहाट, पाट, केळीचीं बनें आणि पानवेलीचे मांडव डोळ्यांपुढें येतात; निदान ज्यांचीं पन्नास वर्षें उलटलीं आहेत त्यांच्या डोळ्यांपुढें तरी येतात. जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८४० सालीं आपल्या लहान मुलांच्या शाळेस किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें, तें केवळ अलंकार म्हणून नव्हे. त्याच्या योजनेंत प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि सर्वांनीं मिळून सांभाळावयाचे सामायिक वाफेहि असत. आपल्या वाफ्याची हयगय केली तर रोप सुकतें आणि सामायिक वाफ्याची केली तर शेजाऱ्याचें नुकसान होतें, हें मुलास निराळें शिकवावें लागत नसे. आज किंडरगार्टन तिसऱ्या मजल्यावर भरतें व तेथील एकुलतें एक रोप प्लॅस्टिकचें असतें. आपल्या बालवाडी या शब्दाचीहि तीच गत होऊं पाहत आहे.

तर त्या दिवशीं आम्हीं काय पाहिलें? फाटकांतून आंत शिरतांच शेवग्याचें झाड शेंगांनीं लवलेलें होतें. त्यापलीकडे प्रत्येक इयत्तेचा एकेक वाफा: पांचवीचा लाल माठ, सहावीची भेंडी, सातवीचा काकडीचा वेल व आठवीचा दुधीचा मांडव. कुंपणाशीं हिंवाळ्यांतील वालाच्या शेंगा बियाण्याकरितां वाळत ठेवलेल्या होत्या. कोपऱ्यांत पालापाचोळ्याचा खड्डा. त्यांत हात घालून पाहा, आंतून ऊन लागतो, असें एक चिमुरडी प्रत्येक पाहुण्यास बजावून सांगत होती, व प्रत्येकाकडून तसें करवूनच पुढें सोडीत होती. आमच्यांतील इस्त्रीचे कपडे घातलेले एक गृहस्थहि सुटले नाहींत.

मुलांनीं एक कोडें घातलें होतें. बागेंतील व आपल्या स्वयंपाकघरांतील पंधरा जिन्नस एका फळीवर मांडून त्यांनीं विचारलें कीं, पांचशें वर्षांपूर्वीं यांतील कोणते आपल्या देशांत होते? वांगें, वाल, केळें, आंबा, आलें, हळद व कारलें हे होते, हें पुष्कळांनीं बरोबर सांगितलें. परंतु मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळें, पेरू, पपई, काजू आणि देवापुढें व दारावर बांधावयाचा झेंडूसुद्धां अमेरिका खंडांतून आलेला, हें ऐकून बरीच कुजबुज झाली. एका आजीबाईंनीं तर सरळच विचारलें, "मिरची परकी, तर मग आमच्या मसाल्यांत त्या वेळीं घालीत काय?" सातवीच्या मुलीनें अदबीनें उत्तर दिलें, "आजी, काळी मिरी." आजीबाईंची खात्री पटली असें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें नाहीं, पण घरीं जाऊन सुनेस त्यांनीं हीच गोष्ट मोठ्या ऐटीनें सांगितल्याचें आमच्या कानीं आलें आहे.

गुलबक्षीच्या वाफ्यापाशीं आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों. हें फूल संध्याकाळीं चारच्या सुमारास उमलतें, म्हणून सकाळीं त्याच्या मिटलेल्या कळ्याच पाहावयास मिळाल्या. परंतु गुरुजींनीं तेथें जी गोष्ट सांगितली ती आमच्या मनांतून जात नाहीं. ग्रेगोर मेंडेल हे ब्र्नो शहरांतील ऑगस्टिनियन मठांतले धर्मगुरु. शिक्षकाच्या परवान्याची परीक्षा त्यांनीं दोन वेळां दिली व दोन्ही वेळां ते तींत उतरले नाहींत. तरी बदली शिक्षक म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें शाळेंत शिकविलें. मठाच्या बागेंत सुमारें ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद असा एक पट्टा होता. तेथें १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यांनीं वाटाण्याचीं रोपें वाढविलीं, एकाचा पराग दुसऱ्यास आपल्या हातानें लाविला, आणि जें आलें तें मोजलें. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा एकत्र केला तर पहिल्या पिढींत सगळे दाणे गोल आले. परंतु त्यांच्या पुढील पिढींत ७३२४ दाण्यांपैकीं ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे तिनास एक. लोपलेला गुण नाहींसा झाला नव्हता. तो आंत दडून राहिला होता. हें त्यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या सभेपुढें वाचलें व पुढील वर्षीं छापलें. फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १८८४ सालीं मेंडेल वारले, आणि १९०० सालीं तिघा शास्त्रज्ञांस त्या निबंधाचें महत्त्व उमगलें. त्या तिघांतील कोरेन्स यानें गुलबक्षीवरहि प्रयोग केले. तांबडी व पांढरी यांच्या संकरांतून गुलाबी येते, आणि गुलाबीच्या बियांतून तांबडी, गुलाबी व पांढरी अशा तिन्ही पुन्हां प्रगट होतात. प्रमाण एकास दोनास एक.

आमच्या आठवीच्या मुलांनीं गुलाबी झाडाच्या कळ्यांवर मलमलीच्या लहान पिशव्या बांधून, परका पराग लागूं न देतां, बीं धरलें आहे. काळ्या मिरीसारखें दिसणारें तें बीं एका डबींत जपून ठेविलें असून येत्या पावसाळ्यांत पेरावयाचें आहे. कोणते रंग किती येतात हें मुलें स्वतः मोजणार आहेत. पुस्तकांत उत्तर छापलेलें असतां मोजावयाचें कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, पुस्तकांतील उत्तर पाठ होतें, आणि वाफ्यांतील उत्तर कधीं कधीं पुस्तकाशीं जुळत नाहीं. तें कां जुळत नाहीं याचा शोध घेणें म्हणजेच शास्त्र. आपल्याजवळच मुंबईस सेंट झेव्हियर्स कॉलेजांत स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लाटर यांच्या नांवानें वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या मागून आलेले स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव हे पुढें भारत सरकारच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. अशीं माणसें कोठल्या तरी वाफ्यापाशींच तयार होतात.

आणखी एक प्रसंग सांगावासा वाटतो. दुधीच्या मांडवाखालीं गुरुजी बियाण्याविषयीं बोलत असतां आमच्यांतील एक वृद्ध बागाईतदार, ज्यांची स्वतःची वाडी इमारतींखालीं जाऊन बरींच वर्षें झालीं, ते हळूच म्हणाले कीं वेलावरचीं पहिलीं फळें खावयास तोडावीं, मधल्यांतील एक निरोगी फळ राखावें, व तें वेलावरच वाळूं द्यावें. हलवून पाहिल्यावर बिया आंत खुळखुळल्या म्हणजे मगच फोडावें, आणि बियांस राख चोळून ठेवावें म्हणजे कीड धरीत नाहीं. गुरुजींनीं स्वतः वही काढून हें लिहून घेतलें. आजोबांचा मुलगा रोज सकाळच्या गाडीनें मुंबईस जातो. बापाकडून हें कधीं ऐकण्याची त्यास सवड मिळाली नव्हती. तो, त्याची मुलगी व आजोबा असे तिघे त्या दिवशीं एका वेलाखालीं एकाच गोष्टीविषयीं बोलत उभे होते. आजोबा आतां दर शुक्रवारीं शाळेंत जातात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ज्युबिलीच्या कार्यासाठीं व पुढेंहि मोटारी उभ्या करावयास जागा हवी, म्हणून ही बाग सपाट करून तीवर काँक्रीट घालावें अशी सूचना आली आहे. सूचना करणारांचा हेतु वाईट आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पाय दुखणाऱ्या वृद्धांस देवळाच्या दारापर्यंत गाडीनें आणावें लागतें, व लग्नाच्या दिवशीं रस्ता तुंबतो, हें आम्हीहि पाहतों. परंतु या मातीखालीं काय आहे याचाहि विचार व्हावा. किनाऱ्यालगतच्या जमिनींत गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल तर त्याखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी असावें, असा शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे अतोनात उपशानें वरची पातळी एक हात उतरली कीं खालून खारें पाणी चाळीस हात वर चढूं पाहतें. आपल्या भागांतील किती विहिरी अशा मचूळ झाल्या हें येथें बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. शाळेच्या विहिरीचें पाणी अद्याप गोडें आहे. पावसाचें पाणी जिरावयास तिच्याभोवतीं हीच सहा गुंठे उघडी जमीन उरली आहे. बाकी सर्व बाजूंस फरशी व डांबर झालें. तीहि झांकली तर पाऊस गटारांतून खाडींत जाईल, आणि मुलांच्या पिण्याचें पाणी टँकरनें विकत घ्यावें लागेल.

म्हणून आमची विनंति अशी कीं रस्त्याच्या बाजूची दीड गुंठा जागा, जेथें आज नुसतें गवत आहे, ती वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या गाड्यांकरितां द्यावी. तींतहि काँक्रीट न घालतां मुरूम टाकावा. उरलेली साडेचार गुंठे बाग आहे तशी राहूं द्यावी. धडधाकट माणसांनीं आपल्या मोटारी बाजाराजवळ ठेवून चार पावलें चालावें. आपले वाडवडील तर झावळ्यांच्या रविवारीं गांवाबाहेरून चालत येत.

बाग राखावयाची तर ती जगविलीहि पाहिजे. शाळांच्या बागा काँक्रीटनें मरतात त्याहून अधिक मे महिन्याच्या सुटींत मरतात, कारण मुलें घरीं व ऊन डोक्यावर. गुरुजींनीं दोन उन्हाळे एकट्यानें पाणी घातलें. तिसरा त्यांजवर लादणें बरें नव्हे. सुटीचे सहा आठवडे आहेत व आपल्या धर्मग्रामांत सहा आळ्या आहेत. प्रत्येक आळीनें एक आठवडा घ्यावा: सकाळीं सातपूर्वीं एकदां व ऊन उतरल्यावर एकदां. पाळ्यांचा कागद देवळाच्या पडवींत लाविला आहे. दुधीच्या मांडवावर खूण म्हणून तांबडी चिंधी बांधलेलें फळ बियाण्याचें आहे, तें कोणीं तोडूं नये. पहिली पाळी येत्या सोमवारपासून देवळाजवळच्या आळीची असून विहिरीच्या पंपाची किल्ली सिस्टरांकडे मिळेल. शाळेंत झाऱ्या चारच आहेत, म्हणून ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं आपली घेऊन यावी.