आधी हात बसू दे, मग मशीन घेऊ

(जयगड येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



बचत जमा झाली, वसुली झाली, ठरावावर सह्या झाल्या. आता दहा मिनिटं मला द्या. पुढच्या महिन्यात काही गटांना कर्जाचा अर्ज भरायचाय. कुणी ड्रायर म्हणतंय, कुणी पॅकिंगचं मशीन. त्याआधी एका माणसाबद्दल सांगते.

त्यांचं नाव कैलाश काटकर. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर, वाढले पुण्यात. दहावीनंतर शाळा सुटली आणि ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पगार महिना ४०० रुपये. तिथे काम शिकले, गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते शिकले, आणि १९९० मध्ये १५,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःचं छोटं दुकान काढलं.

दुरुस्तीसाठी ते बँकांमध्ये जायचे. तिथे कॉम्प्युटर येताना त्यांनी पाहिले. उद्या कॅल्क्युलेटरचं काम कमी होणार, हे ओळखून ते कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. धाकटा भाऊ संजय, त्यालाही कॉम्प्युटरच शिकायला लावलं.

आता नीट ऐका. दुकानात येणाऱ्या कॉम्प्युटरांची एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची, ती म्हणजे व्हायरस. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम. साथीच्या तापासारखा तो एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात जातो. दुसरा कुणी म्हणाला असता, बरंच आहे, गिऱ्हाईक परत येतंय. या भावांनी उलट विचार केला. संजयने व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि १९९५ च्या सुमारास तो 'क्विक हील' नावाने विकायला सुरुवात झाली. लगेच पैसा आला नाही, पण त्यांनी धरलेलं सोडलं नाही. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली.

तुम्ही म्हणाल, तो पुरुष माणूस, पुण्यात राहिला. आम्हाला पाणी भरायचंय, चूल आहे, पोरं आहेत. खरं आहे तुमचं. त्यांच्यासारखं दिवसभर दुकानात बसणं आपल्याला जमणार नाही. पण त्यांच्या कामाचा क्रम आपण घेऊ शकतो. आधी काम शिकले, मग गिऱ्हाइकाची तक्रार ओळखली, आणि मग त्यावर पैसा घातला. आपण बरेचदा उलटं करतो. आधी कर्ज, मग मशीन, मग "हे चालवायचं कोणी?" आणि ते कोपऱ्यात चादर पांघरून बसतं. हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी प्रत्येक गटाने तीन प्रश्नांवर बोलायचं.

पहिला, गिऱ्हाईक कोणती तक्रार परत परत करतं? सुक्या मासळीचं म्हणाल तर, "वाळू लागते" आणि "ओली राहिली." वाळूवर पसरली तर वाळू लागणारच. बांबूचा उंच मांडव करून त्यावर जाळी ताणली, तर वाळू लागत नाही आणि खालूनही वारा लागतो. ड्रायरच्या आधी हे करून बघा. बांबू आणि जाळीला मोठं कर्ज लागत नाही. एक हंगाम असा माल विकला, की ड्रायर खरंच हवा का ते तुम्हालाच कळेल.

दुसरा, मशीन बंद पडलं तर उघडून बघणाऱ्या दोघी कोण? रत्नागिरीहून माणूस येईपर्यंत माल थांबत नाही. विकणाऱ्याला आधीच सांगा, आमच्या दोघींना खोलून, साफ करून, परत जोडून दाखव, मगच पैसे. एकीला नको, दोघींना. एक माहेरी गेली तरी काम चालायला हवं.

तिसरा, जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा हप्ता कुठून येणार? आंबापोळी, कोकम, पापड, काय ते आत्ताच वहीत लिहा. "बघू तेव्हा" असं उत्तर चालणार नाही.

आणि काटकरांच्या घरातली आणखी एक गोष्ट. मोठ्याकडे दुकानाचा अनुभव, धाकट्याकडे शिक्षण. दोन्ही एकत्र आलं म्हणून जमलं. तुमच्याही घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा सून असेल. तिला पुढच्या बैठकीला आणा. मासळी कशी ओळखायची ते काकी सांगतील, फोनवर हिशोब आणि ऑर्डर कशी ठेवायची ते ती दाखवील. फक्त फोन तिच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. बटण तुम्ही दाबायचं, तिने शेजारी बसायचं.

ज्या गटाची तीन उत्तरं वहीत लिहिलेली असतील, त्यांचा अर्ज भरायला मी स्वतः बसेन. ज्यांची नसतील त्यांनी घाई करू नका. एक हंगाम थांबलात तरी कर्ज मिळेल. पण एकदा हप्ता थकला, तर गटातल्या बायकांचा एकमेकींवरचा विश्वास परत जमवायला फार वेळ लागतो.

आता कुणाला काय विचारायचंय ते विचारा.