पोरींना शिकवणारीचा पगार

कुणी भाकरी टाकता टाकता ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल. आम्ही वाशी तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रामसंघाकडून बोलतोय. आज बचत, कर्ज, परतफेड यातलं काही सांगणार नाही. आजचा विषय आहे गावातल्या मुलींना खो-खो शिकवणाऱ्या बाईच्या पगाराचा.

तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि खो-खोचा काय संबंध? आम्हीसुद्धा दोन वर्षं असंच म्हणत होतो.

आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा जिल्हा आहे, हे आपल्यालाच कधी कधी आठवत नाही. आपल्या सारिका काळे यांच्या कप्तानीत भारताच्या मुलींनी २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. २०२० साली सारिकाताईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आपल्या जिल्ह्यातली अश्विनी शिंदे होती.

सारिकाताईंच्या घरची परिस्थिती बिकट होती. एक वेळ अशी आली की पैशाच्या ओढाताणीला कंटाळून त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. त्यांची समजूत घालून त्यांना मैदानावर परत आणलं ते त्यांच्या मार्गदर्शकांनी, चंद्रजित जाधव सरांनी. पदक गळ्यात पडतं तेव्हा फोटो खेळाडूचा येतो आणि तो यायलाच पाहिजे. पण रुसून बसलेल्या पोरीच्या घरी जाणं, आजीशी बोलणं, तिला परत उभं करणं, हे काम कुठल्या फोटोत दिसत नाही. मार्गदर्शकाचं निम्मं काम असलंच असतं.

आता आमच्या गावाचं सांगतो.

आमच्या गावात एक सून आली. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली. बी.पी.एड. झालेली, पण नोकरी नाही. घरी शिलाई मशीन चालवायची. तिनं शाळेमागच्या पडीक जागेत चार पोरींना घेऊन सुरुवात केली. सहा महिन्यांत बावीस पोरी झाल्या, सातवीपासून अकरावी-बारावीपर्यंतच्या. आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी दोन तास. रेषा आखायची फक्की ती स्वतःच्या पैशानं आणायची. स्पर्धेला जाताना डबे बांधायची, आल्यावर पोरींचे टी-शर्ट घरी धुवायची. दुसऱ्या वर्षी पोरींनी तालुक्याची स्पर्धा जिंकली. आम्ही नारळ फोडला, तिला साडी-चोळी केली आणि आपलं काम झालं असं समजलो.

मग एके दिवशी ती मैदानावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. ती मशीनवर बसली होती. म्हणाली, "ताई, सासूबाई विचारतात, रोज जातीस तर आणतीस काय? मला उत्तर देता येत नाही." दोन वर्षं तिनं मैदानावर घालवली, तेवढी शिलाई बुडाली. आम्ही हिशेबाच्या बाया, दोन रुपयांचा दंड वहीत लिहितो. पण तिच्या दोन वर्षांचा हिशेब आमच्यातल्या एकीनंही लिहिला नव्हता.

पुढच्या बैठकीत विषय घेतला. एक जण म्हणाली, मानधन देऊ काहीतरी. मैत्रिणींनो, मानधन हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आशाताईंना मानधन, अंगणवाडीताईंना मानधन, आपल्या सीआरपी ताईंनाही मानधनच. काम पगाराचं असतं आणि हातात पडतं ते मानधन. म्हणून आम्ही ठरवलं, आधी कामाचा हिशेब मांडायचा, मग आकडा काढायचा.

फळ्यावर मांडलं. महिन्याचे सव्वीस दिवस. आमच्याकडं अर्ध्या दिवसाच्या खुरपणीला १५० रुपये धरले, तर झाले ३,९००. म्हणजे काहीही न शिकलेल्या बाईलाही तेवढ्या वेळाचे एवढे मिळतात. त्यावर तिचं शिक्षण, तिचा खेळ आणि बावीस पोरींची जबाबदारी. आकडा ठरला महिना ६,००० रुपये. स्पर्धेच्या दिवसाचे ३०० वेगळे, आणि प्रवासखर्च वेगळा.

पैसे कुठून आणायचे? पाच पोरींच्या घरचे ऊसतोडीला जातात, त्यांना वर्गणी माफ. उरलेल्या सतरा पोरींचे शंभर-शंभर म्हणजे १,७००. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. आम्ही महिला सभेत विषय मांडला, मग ग्रामसभेत ठराव घेतला. वर्षाचे २४,००० मंजूर झाले, म्हणजे महिना २,०००. उरलेले २,३०० आम्ही दिवाळीच्या फराळाच्या आणि उन्हाळी पापड-शेवयांच्या नफ्यातून घातले. बचतीला आणि कर्जाच्या निधीला हात लावला नाही. तो पैसा कर्जासाठी आहे, तो तिथंच राहिला पाहिजे.

आता खरी गोष्ट पुढं आहे. पैसे ठरले, तसे गावात दोन-चार जण बोलायला लागले. आता पगार द्यायचाच आहे तर चांगला माणूस बघा. जवळच्या गावात एक तरुण आहे, खो-खो खेळलेला आहे, त्याला आणू. आणि त्याला सहा हजारात कसं परवडंल, त्याला घर चालवायचंय, नऊ तरी द्या.

आमच्यातली एक वयस्कर मावशी उठून म्हणाली, "फुकट होतं तवा ही चालली. पैसा आला तर माणूस पाहिजे?" बैठकीत कुणी काही बोललं नाही.

हे फक्त आमच्याच गावात होतं असं समजू नका. अमेरिकेतलं सांगतो. तिथं कॉलेजातल्या मुली बास्केटबॉल खेळतात, उंच टांगलेल्या जाळीत चेंडू टाकायचा खेळ. १९७४ साली टेनेसी विद्यापीठात पॅट समिट नावाची बावीस वर्षांची मुलगी मुलींच्या संघाची मुख्य मार्गदर्शक झाली. पगार महिना २५० डॉलर. गाडी तीच चालवायची, मुलींचे कपडेही तीच धुवायची. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या सुनेचे ते टी-शर्ट आठवले. त्या बाईंनी पुढं देशाचं अजिंक्यपद आठ वेळा मिळवलं. २००६ साली त्यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर गेला. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये एवढा पगार त्याआधी कुणाला मिळाला नव्हता. मधे बत्तीस वर्षं गेली.

त्याच देशात १९७२ साली कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी आहे म्हणून कुणाला डावलायचं नाही, खेळातसुद्धा नाही. मुलींच्या खेळाला पैसा आला, संघ वाढले, पगार वाढले. चांगलंच झालं. पण कायद्याच्या आधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत दहातल्या नऊ बायका होत्या. पगार चांगले झाले तसे त्या जागांवर पुरुष आले. आज सगळे खेळ मिळून निम्म्या जागांवरसुद्धा बायका नाहीत. ज्या टिकल्या त्यांनी आपलं मोल मागून घेतलं. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाच्या डॉन स्टेली यांनी २०२१ साली सात वर्षांचा करार केला, तो २ कोटी २४ लाख डॉलरचा. तेवढ्या पैशाशी आपल्याला काही करायचं नाही. पण पैसा आला की खुर्चीवरची बाई बदलते, हे आपण दूध डेअरीत पाहिलंय, गटाच्या गिरणीतही पाहिलंय.

मग आम्ही काय केलं? त्या तरुणाला नाही म्हणून सांगितलं नाही. तो चांगला खेळाडू आहे, त्याच्यावर अन्याय का करायचा? आम्ही आधी ठराव लिहिला: पगार जागेचा आहे, माणसाचा नाही. बाई असो की पुरुष, ६,०००च. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा आपल्या देशात १९७६ सालीच झालाय. मग दोघांनाही बोलावलं. दोघांनी एकेक तास पोरींचा सराव घेतला. आम्ही कडेला बसून पाहिलं आणि दोघांना तेच प्रश्न विचारले. पोरीच्या पायाला लागलं तर पहिलं काय करणार? पाळीच्या दिवसात पोरगी खेळत नाही म्हणाली तर? मागं पडलेल्या पोरीला कसं सांभाळणार? दहावीनंतर घरचे खेळ बंद करा म्हणाले तर? शेवटी पोरींनाही विचारलं.

त्या तरुणाचा सराव वेगवान होता, पोरी दमल्या पण खूश होत्या. आमच्या सुनेनं त्या तासात आठ-आठ पोरींना बसवून उठण्यातली एकच चूक दुरुस्त केली. पाळीच्या प्रश्नावर तो लाजून खाली बघत बसला, तिनं सरळ उत्तर दिलं. आम्ही तिला नेमलं. तो तरुण आता मोठ्या स्पर्धेच्या आधी चार दिवस येतो, आणि त्या दिवसांचे पैसे त्यालाही देतो.

नेमणूक कागदावर केली. महिन्याच्या पाच तारखेला पगार, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. महिन्याला एक भरपगारी सुट्टी. पोरी हरल्या म्हणून पगार कापायचा नाही. सहा महिन्यांनी बसून कामाचा आणि पगाराचा आढावा. आणि एक नियम तिच्यासाठी, उद्या येणाऱ्या कुणाहीसाठी: सरावाला गटाच्या दोन बाया पाळीनं मैदानावर हजर, स्पर्धेला एकट्या पोरीला घेऊन जायचं नाही. अठरा वर्षांखालच्या पोरींसाठी पोक्सो कायदा आहे, मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे. तो नंबर मैदानाच्या भिंतीवर रंगवलाय.

ज्यांच्या गावात असं काही नाही, त्यांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारायला जा. खेलो इंडियाच्या केंद्रांत माजी विजेत्या खेळाडूला शिकवण्यासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद आहे. आपल्या गावातल्या सुना-लेकींत कोण कुठवर खेळलंय, याची एक यादी करा. कागदपत्रं पेटीत पडून असतात. चांगल्या मार्गदर्शकाला देशाचा द्रोणाचार्य पुरस्कारही आहे, २०२० पासून त्याची रक्कम १० लाख झाली. पण पुरस्कार मिळतो तो अनेक वर्षं शिकवल्यानंतर, आणि घरात पीठ दर महिन्याला लागतं.

आता तुम्ही विचाराल, पुढं काय झालं? यंदा आमच्या पोरी जिल्ह्याला गेल्या आणि दुसऱ्याच सामन्यात हरल्या. गावात लगेच कुणीतरी म्हणालं, बघा, पगार देऊन काय झालं? पाच तारखेला आम्ही पगार जमा केला. त्या दिवशी संध्याकाळी तिच्या सासूबाई पहिल्यांदा मैदानावर आल्या होत्या. कट्ट्यावर बसून दोन तास पाहत होत्या. जाताना म्हणाल्या, "हिला उद्या जरा लवकर सोडा, पाहुणे यायचेत." मागं त्या "येऊ नको" म्हणायच्या, आता "लवकर सोडा" म्हणतात. आम्हाला एवढं पुरेसं वाटलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या गावात पोरींना कोण शिकवतं, खेळ असो, शिलाई असो, अभ्यास असो, आणि तिला महिन्याला काय मिळतं, हे वहीत लिहा. रकाना रिकामा राहिला तर तिथून सुरुवात करा.