शेडमधली जुनी गाडी: विकण्याआधी तिची ओळख



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जुन्या गाड्या इतक्या का सापडतात, हे मी आधी सांगतो, कारण गाडीचा शोध तिथूनच सुरू होतो. १८८५च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात खेळायला लागलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गूळ आणि साखर. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. याच वालचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्यानं डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढं फियाट. देशात मोटार बनवायला निघालेला माणूस आपल्या शेजारीच साखर बनवत होता, याचा मला फार अभिमान वाटतो. नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने झाले. बागायतदाराच्या दारात जीप आली, फियाट आली, अॅम्बॅसिडर आली. त्यांतल्या कितीतरी आज शेडमध्ये कडब्याआड उभ्या आहेत, आणि घरात वाटण्या निघाल्या की विकायला बाहेर काढल्या जातात.

माझं सांगणं एकच आहे. भाव विचारण्याआधी ती गाडी नेमकी कोणती, ते ठरवा. सातबाऱ्यावरचा गट नंबर आणि बांधावरची जमीन जुळावी लागते, तसा आरसी बुकातला चेसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे.

सगळ्यात जास्त घोटाळा जीपमध्ये होतो. घरोघरी ऐकायला मिळतं, ‘आमची जीप दुसऱ्या महायुद्धातली, मिलिटरीची.’ कधी ते खरंही असतं. पण ते पडताळता येतं. समोर उभं राहा आणि जाळीतल्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या जीपच्या ठोकीव पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात. नागरी वापरासाठी झालेल्या जीपला सात. मागं जा. युद्धातल्या जीपला मागचा फळका उघडत नाही, नागरी जीपला उघडतो. बॉनेट उंच, चौकोनी असेल तर ती बहुधा सीजे-३बी. महिंद्रानं ती आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली. उंची वाढली ती नव्या इंजिनमुळं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर गेले आणि बॉनेटही वर न्यावं लागलं.

आता कुणी म्हणेल, जाळी बदलता येते. येते, आणि बदललेलीही असते. म्हणून गाडीखाली शिरा; युद्धातली जीप विलीज कंपनीची की फोर्डची, तेही तिथं कळतं. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरपाशी चेसिसच्या दोन्ही पट्ट्या जोडणारा आडवा दांडा गोल पाइपाचा असेल तर ती विलीज. उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डनं आपल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ उमटवला होता. विलीजचा नंबर डाव्या चेसिसपट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर, पुढच्या बंपरमागं असतो. फोर्डचा त्याच चेसिसपट्टीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं माती काढा. ग्राइंडर लावू नका. मग आरटीओत घेतात तसा पेन्सिल घासून कागदावर चेसिस प्रिंट घ्या.

अमेरिकन मोठ्या गाड्यांत वेगळाच पेच आहे. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मुळात प्लिमथच्याच अंगाच्या. जाळी, बिल्ला आणि सजावट तेवढी निराळी. बिल्ला पडून गेला असेल तर नुसत्या नजरेनं नाव ठरवू नये. इंजिन ब्लॉकच्या डाव्या अंगाला पुढं नंबर असतो. प्लिमथच्या त्या नंबरची सुरुवात पी-१५ अशी असेल तर मॉडेल १९४६ ते १९४८मधलं. फियाटची गोष्ट सोपी आहे. जुन्या ‘डुक्कर’ फियाटचे पुढचे दरवाजे मागच्या बिजागरीवर उघडतात, पद्मिनीचे पुढच्या. पद्मिनी हे नाव १९७४चं, त्यामुळं सुरुवातीच्या पद्मिनीसुद्धा आता पन्नाशी ओलांडताहेत.

पन्नाशीचं महत्त्व कायद्यात आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. मात्र ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी विकता येते, पण तिचा रोजचा किंवा धंद्याचा वापर करता येत नाही.

मूळ रूपाच्या अटीपाशीच आपल्याकडच्या अनेक गाड्या अडतात. डिझेल स्वस्त होतं त्या काळात जीपमध्ये, अॅम्बॅसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवून घेण्याची पद्धत होती. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण विकताना ते स्पष्ट सांगितलं पाहिजे आणि आरसी बुकात त्याची नोंद आहे का, ते पाहिलं पाहिजे. काढलेलं मूळ इंजिन पंपाच्या खोलीत पडलेलं असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. त्यावरचा नंबर बुकाशी जुळला तर ते गाडीइतकंच मोलाचं आहे.

गिऱ्हाईक यायच्या आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेण्याची घाई तर मला फार त्रास देते. चकचकीत रंगाखाली पुट्टीत नंबर बुजतात, मूळ पट्ट्या उपटल्या जातात. डॅशबोर्डच्या मागं, दाराच्या चौकटीत, सीटखाली मूळ रंग टिकून असतो. जाणकार गिऱ्हाईक आधी तिथं टॉर्च मारतं. धूळ झटका, फोटो काढा आणि थांबा.

कागदांसाठी पुण्याच्या आरटीओपर्यंत जावं लागेल. एमएच-४२ हा बारामतीचा नंबर अलीकडचा. १९८९च्या आधीच्या गाड्यांवर तीन अक्षरांची जुनी मालिका असते, पासिंग पुण्याचं किंवा मुंबईचं. नोंद संगणकावर नसेल तर जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. बुकावर बोजा असेल आणि कर्ज फार पूर्वी फिटलेलं असेल, तरी तो रीतसर उतरवा. इंदापूरकरांनी आणखी एक पाहावं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावठाणाचा पत्ता बुकावर असेल, तर पुनर्वसनाचे कागद शेजारी जोडा.

गाडी आजोबांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करा, भावाबहिणींची संमती लेखी घ्या. विक्री झाली की फॉर्म २९ राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत द्यायचा असतो. आणि विक्रीआधी घरातल्या जुन्या ड्रायव्हरकडं, मेस्त्रीकडं जाऊन बसा. गाडी कुणाकडून घेतली, कोणता भाग कधी बदलला, हे ते अजून सांगू शकतात. तारीख घालून लिहून घ्या, त्यांची सही घ्या. गाडी दिसणारे लग्नातले फोटो, विम्याच्या पावत्या आणि चेसिस प्रिंट यांच्याबरोबर तो कागद एका फाइलीत लावा. फाइल गिऱ्हाइकाला द्या, तिची एक प्रत घरी ठेवा.