विमानवाहू नौकेचा हिशेब

(ओवे, ता. पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विमानवाहू नौकेवर बोलायला अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. युद्धनीतीवर बोलण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु ज्या वस्तूवर देशाच्या तिजोरीतून सुमारे 20 हजार कोटी रुपये खर्च झाले, तिचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. आणि ज्यांच्या हातांनी ती घडली, त्या कामगारांना तर तो सर्वांआधी आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. कोचीन शिपयार्डने बांधलेली 'विक्रांत' 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. तिची लांबी 262 मीटर, रुंदी 62 मीटर. आत 2,200 हून अधिक कक्ष आणि सुमारे 1,600 माणसांची राहण्याची सोय. चार गॅस टर्बाइनांवर ती ताशी 28 सागरी मैलांपर्यंत वेग घेते. लढाऊ विमानाला जमिनीवर लागते तेवढी लांब धावपट्टी समुद्रात मिळणे शक्य नाही. म्हणून डेकचे पुढचे टोक वर उचललेले असते आणि त्या चढावरून विमान हवेत झेपावते. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान दोनतीन सेकंदांत थांबते. असे आघात वर्षानुवर्षे सोसणारा डेक साध्या पोलादाचा असून चालत नाही.

हे खास पोलाद आरंभी रशियाकडून यायचे होते. ते मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने ते येथे सिद्ध केले, आणि राउरकेला, भिलाई व बोकारो येथील सरकारी कारखान्यांनी सुमारे 30 हजार टन पुरवले. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे पांढरा हत्ती, असे उठता-बसता सांगणाऱ्या पंडितांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. सारे काही सुरळीत झाले, असा मात्र याचा अर्थ नव्हे. 2009 साली तळ घातला गेला आणि नौका सेवेत यायला 13 वर्षे लागली. टर्बाइनांचे मूळ तंत्र अमेरिकन, तर तिच्यावरील मिग विमाने रशियन. स्वावलंबन अर्धे झाले आहे. परंतु जे झाले ते खरे आहे.

याच्या उलट उदाहरण 'विक्रमादित्य'चे. 2004 च्या करारात रशियाने 'गोर्श्कोव्ह' ही आपली जुनी नौका आपल्याला फुकट देऊ केली. पैसे फक्त दुरुस्तीचे व फेरबांधणीचे, सुमारे 97 कोटी डॉलर. पुढे नौका त्यांच्या गोदीत उघडून पडली असताना किंमत वाढत वाढत 230 कोटी डॉलरांच्या वर गेली, आणि 2008 साली मिळायची ती नोव्हेंबर 2013 मध्ये हाती आली. ज्याच्या हाती ससा तो पारधी! ज्याच्याजवळ कसब, तोच भाव ठरवतो, हा बाजाराचा नियम आहे.

तेव्हा खरे भांडवल कोणते? ओवे गावापासून जवळच कळंबोलीचा लोखंडबाजार आहे. तेथे पोलाद वजनावर विकले जाते. कसबाला असा काटा नाही. जाड पत्रा वाकू न देता जोडणारा वेल्डर, नकाशावरून नळ्यांचे जाळे बसवणारा फिटर, चूक हुडकणारा तपासनीस, यांचे ज्ञान ताळेबंदात कोठेच दिसत नाही. शिवाय हे भांडवल पडून राहिले तर गंजत नाही, नाहीसे होते.

याचा पुरावा शोधायला कोचीपर्यंत जाण्याचे कारण नाही, तो मुंबईतच आहे. 1981 मध्ये जर्मन कंपनीशी झालेल्या करारानुसार माझगाव गोदीने दोन पाणबुड्या बांधल्या. 'शल्की' 1992 मध्ये व 'शंकुल' 1994 मध्ये नौदलात आली. दरम्यान त्या व्यवहारात दलालीचे आरोप झाले आणि पुढची मागणी थांबली. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु शिक्षा भोगली ती कामगारांच्या कसबाने. शिकलेले हात पांगले, काही निवृत्त झाले. 2005 साली फ्रेंच पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा पुन्हा परदेशी गुरूपासून आरंभ करावा लागला, आणि 'कलवरी' सेवेत यायला डिसेंबर 2017 उजाडला.

आता कोचीतही तोच प्रश्न आहे. तशीच दुसरी नौका बांधावी की नाही, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. शाळा-दवाखान्यांची निकड आपल्यासमोर असताना हा खर्च करावा काय, हे संसदेने उघड चर्चा करून ठरवावे. घोषणांच्या गजरात ठरवू नये. निर्णय नकाराचा झाला तरी त्या हातांना काम हवेच. याच गोदीने 1981 मध्ये 'राणी पद्मिनी' हे मालवाहू जहाज बांधून दिले होते. जगाच्या जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्काही नाही. तेव्हा कामाचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तुटवडा आहे तो नियोजनाचा.

या हिशेबाची दुसरी बाजू दारूखान्यात आहे. जुनी 'विक्रांत' आपण 1957 मध्ये अर्धवट अवस्थेत ब्रिटनकडून घेतली. 1971 च्या युद्धात एक बॉयलर तडकलेला असताना तिने बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावली. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना भंगारात गेली. उलट, वाडिया कारागिरांनी मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही जपून ठेवलेली आहे! नौका मोडल्याची हळहळ अनेकांनी व्यक्त केली. गॅसकटर घेऊन ती कापणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहार-झारखंडातून आलेल्या मजुरांची आठवण किती जणांना झाली? तशा जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात जाते. त्याची किंमत त्या 60 कोटींत कोणी धरली नव्हती.

म्हणून आपली मागणी तीन कलमांत मांडता येईल. सरकारी गोद्यांना दहा-पंधरा वर्षांचा निश्चित कामाचा आराखडा द्या. कायमस्वरूपी काम कंत्राटी कामगारांकडून करून घेणे थांबवा; कारण जो उद्या राहणार नाही, त्याच्याजवळ कसब साठणार नाही. आणि जहाज मोडणाऱ्याला जहाज बांधणाऱ्याइतकेच संरक्षण द्या. तळोज्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या साथींनी ही मागणी आपली मानावी. गोदीतील वेल्डर आणि तळोज्यातील वेल्डर यांचा प्रश्न एकच आहे.