सुरीला धार कशी लावाल?

टोमॅटोची साल कापली न जाता नुसती दबली, की सुरीची धार गेली समजा. चाक फिरवत दारावर येणारा धारवाला विळी-कोयत्यासाठी उत्तम. पण पातळ सुरी कोरड्या चाकावर जास्त वेळ राहिली, तर पातं तापून निळसर पडतं, पोलादाचं पाणी उतरतं. खाचेतून सुरी ओढायचं छोटं यंत्र सोपं खरं, पण ते पोलाद फार खातं.

नवशिक्यानं सरळ दुहेरी दगड घ्यावा, असं माझं मत. एक बाजू ४०० च्या आसपास, दुसरी १००० ग्रिटची; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. खाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे दगड सरकत नाही. सुरी साधारण २० अंशांत धरायची. काटकोन निम्मा करा, पुन्हा निम्मा करा, त्याहून किंचित कमी. एक बाजू घासताना पात्याच्या दुसऱ्या बाजूला, पूर्ण लांबीभर, बारीक खरखर लागेपर्यंत थांबू नका. घाई नडते ती इथंच. ही खरखर तपासताना बोट पात्यावरून धारेच्या बाहेर न्यावं, धारेच्या लांबीनं कधीच नाही! मग बाजू बदला, आणि शेवटी बारीक दगडावर अगदी हलक्या हातानं ती खरखर काढून टाका. दातेरी ब्रेडची सुरी मात्र या दगडावर नेऊ नका.